सात बहिणींचं टेकाड

आमच्या गल्लीत सुमित्राबाईंच्या धास्तीची सगळ्यांना सवय झाली होती. दूधवाला उशिरा आला की त्या फाटकाशी उभ्या राहून म्हणायच्या, "कुठी ठोकर तं नसन लागली त्याले?" बाजाराला निघाल्या की कोपऱ्यावरून परत यायच्या, गॅस बंद केला की नाही ते पाहायला. मुलगा अंकुर पुण्यात नोकरीला लागला तेव्हा त्याची गाडी नागपूर स्टेशनातून हलते न हलते तोच त्यांनी फोन लावला होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते त्यांच्या बाबतीत रोजचंच होतं.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. यातलं काही मी पाहिलेलं, पण बरंचसं त्यांनीच दुपारचं माझ्या ओट्यावर बसून सांगितलेलं आहे.

त्यांचं माहेर पवनीचं. घरात हातमाग होते, आणि समज आल्यापासून सुमित्राबाईंच्या हाताला सुताच्या कांड्या भरायचं काम लागलं होतं. त्या लहान असताना बाहेरून शिकलेले लोक आले आणि गावाबाहेरची टेकडी खोदू लागले. आत जुना स्तूप आहे म्हणाले. गावातली पोरं रोज पाहायला जायची. सुमित्राबाईंना मात्र आईने एकदाही पाठवलं नाही. "माती ढासळली तं?" एवढंच ती म्हणायची. खोदणारे निघून गेले, खड्ड्यांत पुन्हा गवत वाढलं, आणि ह्या लग्न होऊन भंडाऱ्याला आल्या. घराशेजारी काय निघालं ते त्यांनी पाहिलंच नाही.

त्यांच्या नवऱ्याचं, मधुकररावांचं, सगळं आयुष्य विणकर सोसायटीच्या दुकानात लुगडी उलगडून दाखवण्यात गेलं. दुकान बंद झालं तेव्हा ते घरी बसले. वर्षभर पेपर वाचून आणि शेजाऱ्यांशी बोलून कंटाळले. मग एका सकाळी वैनगंगेच्या घाटावर एक बाई ज्या दगडावर कपडे आपटत होती, त्याच्या कडेला त्यांना कोरलेला घोडा दिसला. त्यांनी तिला विनंती करून दगड उलटवला. खाली तलवार उगारलेला स्वार होता, वर चंद्र आणि सूर्य. लढाईत पडलेल्या कुणा माणसाची वीरगळ होती ती. त्या दिवसापासून मधुकररावांना नाद लागला. दर रविवारी सकाळी लुनाला किक मारायची आणि नदीच्या काठाकाठाने गावं पालथी घालायची. कुठे पडका घाट, कुठे शेतातली दगडांची वर्तुळं, कुठे झुडपात लपलेली पायविहीर.

"जिल्हा फुटला ते बरंच झालं," ते म्हणायचे. "गोंदियाकडचं तिकडं गेलं. उरलेला अर्धा तं माह्यानं पाहून होते."

दुपारी ते जेवायला घरी यायचेच. जेवताना पाहिलेलं सगळं सांगायचे. सुमित्राबाई वाढता वाढता "हं, हं" म्हणायच्या.

"तू बी चाल एखाद्या रविवारी," ते म्हणायचे.

"मले काय पाहाचं त्या गोट्याइत? आन् नदीकाठी साप राह्यते."

एकदा ते दुपारपर्यंत आले नाहीत, तेव्हा सुमित्राबाईंनी गल्लीतले दोघं जण पुलापर्यंत पिटाळले होते. मधुकरराव पुलाजवळच्या ठेल्यावर भजी खात होते. चारचौघांत त्यांची शोभा झाली. घरी येऊन ते पहिल्यांदा चिडून बोलले, "आता पुन्हा कोणाले माह्या मागं पाठवू नको. लोक हासतेत." ते सुमित्राबाईंच्या मनाला लागलं होतं.

त्या रविवारी दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी यायची होती. सकाळी नळ आला होता. सुमित्राबाई मागच्या अंगणात डबे घासत होत्या. मधुकरराव दारातून काहीतरी बोलले. पाण्याच्या आवाजात त्यांना शेवटचं तेवढं ऐकू आलं, "...पाणी चढाच्या आत पाहून येतो." मग लुनाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

दुपार झाली. वरण निवलं. त्यांनी ते पुन्हा गरम केलं. फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंदच. पुण्याला लावला.

"आई, येतील गं," अंकुर म्हणाला. "मागच्या वेळी पण तू असंच केलं होतंस. बॅटरी संपली असेल."

त्या फाटकाशी गेल्या, आत आल्या, पुन्हा गेल्या. मी त्या दिवशी माहेरी साकोलीला होते, नाहीतर माझ्याकडे आल्या असत्या. गल्लीत कुणाला सांगायचं तर तेच हसणं. न सांगावं तर घरात बसवेना. नवऱ्याने कुणाला पाठवू नको म्हटलं होतं. कुणालाच पाठवायचं नाही, आपणच जायचं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याचंच त्यांना भय वाटलं. तरी त्यांनी घराला कुलूप घातलं, ते ओढून पाहिलं, आणि चौकात आल्या.

चौकात यादोरावांचा ऑटो उभा होता. यादोराव शहापूरचे, पन्नाशीतले. लुना बिघडली की मधुकरराव त्यांनाच बोलवायचे, म्हणून ओळख होती.

"कुठं जाचं, काकू?"

"तेच तं मालूम नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. "ते सकाळचे गेले, आले नाही. फोन बंद आहे. कुठं गेले ते मी ऐकलंच नाही."

यादोराव हसले नाहीत. त्यांनी चालू केलेलं इंजिन बंद केलं. "बसा आधी. जाताना का म्हणाले, आठवा."

"पाणी चढाच्या आत पाहून येतो म्हणे."

"मंग नदीच्या खालच्या अंगालेच गेले असन. खालच्या धरणाचं पाणी आता मागं चढून राहिलं. पण तिकडं गावं लय आहेत. कोणत्या गावाचं नाव घेत होते?"

गावाचं एकही नाव त्यांना आठवेना. इतके रविवार ते ताटावर बसून सांगत होते आणि आपण कोशिंबिरीत मीठ पडलं की नाही ते पाहत होतो. मग एकदम त्यांना शेवाळ आठवलं. एका घाटाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झाल्या आहेत, असं ते म्हणाले होते, आणि त्या रात्री ह्यांना ते पाय घसरून पडल्याचं दिसत राहिलं होतं.

"शेवाळाचा घाट," त्या म्हणाल्या. "तिथं लढाईवाल्या माणसाइचे गोटे उभे आहेत म्हणे. आन् एका ठिकाणी शेतात मोठमोठ्या गोट्याइचे गोल आहेत, तिथं कुत्रं धावलं होतं त्याइच्या मागं. आन् एक टेकाड आहे, तिथल्या गावात एका बाईनं ताक पाजलं. मी म्हटलं, थंडीचं ताक कायले प्याचं, खोकला आहे."

जे जे ऐकून त्या घाबरल्या होत्या, ते सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. बाकी काही नाही.

"घाट मले मालूम आहे," यादोराव म्हणाले आणि ऑटो वळवला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं. मधूनमधून नदी दिसायची. काठाला कासाचं गवत फुललं होतं, पांढरंशुभ्र, आणि त्याच्यामागे पाणी इतकं रुंद पसरलं होतं की सुमित्राबाईंना ते नदीचं वाटेना. त्यांनी ऑटोचा दांडा घट्ट धरला होता. यादोराव त्यांना बोलतं ठेवायला पाहत होते. मधुकररावांना घेऊन आपण एकदा पवनीला गेलो होतो, ते त्यांनी सांगितलं.

"माह्या बाबानं छप्पनमधी दीक्षा घेतली. घरी आम्हाले वाटे, आपला धम्म नागपूरवरून आला. काकांनी तिथं उभं करून दाखवलं, म्हणे यादोराव, हे दोन हजार वर्षांपासून इथंच मातीखाली आहे. मी मंग घरच्या सगळ्याइले घेऊन गेलो."

"मी तिथलीच," सुमित्राबाई म्हणाल्या. "मी नाही पाहिलं."

घाट सुना होता. पायऱ्या खरंच हिरव्या होत्या, आणि खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. वडाखाली वीरगळी रांगेने टेकवून ठेवल्या होत्या. ते घोडे, त्या तलवारी, वर हात जोडून बसलेली माणसं. सुमित्राबाईंनी एकदाच पाहिलं आणि नजर पाण्याकडे वळवली. पाण्यात काही तरंगत होतं. एक फांदी होती. एक म्हातारा धोतर पिळत उभा होता, त्याला यादोरावांनी विचारलं.

"लुनावाले बाबूजी? आज नाही आले. मागं कवा आलते."

पुढच्या गावाबाहेर ती दगडांची वर्तुळं सापडली, धानाच्या बांधांमध्ये, माणसाच्या कमरेएवढे काळे दगड. कुत्रंही सापडलं. ते ऑटोवर भुंकत धावलं आणि सुमित्राबाईंनी पाय वर घेतले. पण शेतात लवकर पिकणारा हलका धान कापणाऱ्या बायांपैकी कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. "सात बहिणीच्या टेकाडावर गेले असन," एकीने सांगितलं. "मागं तिकडची वाट विचारत होते."

सात बहिणी म्हटल्यावर सुमित्राबाईंना आणखी आठवलं. एका दगडावर ओळीने सात बाया बसल्या आहेत, मांडीवर लेकरं घेऊन. एकीचं तोंड घासून गेलं, पण तिचं लेकरू शाबूत आहे. हे मधुकररावांनी सांगितलं होतं तेव्हा सुमित्राबाईंना अपशकुन वाटला होता.

टेकाडाचं गाव अर्धं रिकामं होतं. धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून काही घरांच्या छपरांची कवेलू आणि दारं लोक आधीच नव्या गावठाणात घेऊन गेले होते. नुसत्या भिंती उभ्या होत्या. ऑटोचा आवाज ऐकून एक बाई अंगणातून बाहेर आली. लीलाबाई तिचं नाव. ताक पाजणारी तीच.

"सकाळीच गेले नाल्यापल्याड," ती म्हणाली. "मी म्हटलं, पाणी येऊन राहिलं, बाबूजी. ते म्हणे, घोट्याइतकंच तं आहे, आत्ता येतो. मी मंग धानावर गेली. परत नाही आले का?"

तिघंही नाल्याकडे निघाले. सुमित्राबाई पुढे होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या देवळाच्या पायऱ्यासुद्धा थांबून थांबून चढायच्या.

मोहाच्या झाडाखाली लुना उभी होती. तिचं मागचं चाक अर्धं पाण्यात होतं.

सुमित्राबाई तिथेच खाली बसल्या. नाला कुठे आहे तेच कळत नव्हतं. समोर सपाट, मातकट, न हलणारं पाणी होतं, आणि त्याच्या पलीकडे दूर एक टेकाड आणि त्यावर चिंच. पूर नव्हता, ओढ नव्हती, आवाज नव्हता. पाणी नुसतं चढत होतं, आणि चढताना दिसतही नव्हतं. यादोरावांनी चाक ओढून लुना वर घेतली आणि तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "काका! ओ काका!"

पलीकडून हाक आली नाही. एक पाणकावळा उडाला.

सुमित्राबाईंनीही हाक मारली. पण "अहो" ही हाक पाण्यापलीकडे जात नाही. "अंकुरचे बाबा" ही हाकही अर्ध्यातच विरली. मग त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधीही न घेतलेलं नाव घेतलं, एकदा, दोनदा, गळा ताणून. चिंचेखाली काही पांढरं हललं असं त्यांना वाटलं. लीलाबाई म्हणाली बगळा असेल.

लीलाबाईचा दीर ईश्वर मासेमारी करायचा. तिने त्याला हाक मारून डोंगा आणवला. लाकडाची अरुंद नाव, तळाला पाणी साचलेलं.

"माय, तुम्ही इथंच थांबा," ईश्वर म्हणाला. "दोघाइच्या वर जागा नाही. येताना बाबूजीले आणा लागन."

"काका कसे असन, काही मालूम नाही, काकू," यादोराव हळूच म्हणाले. "मी जातो."

त्यांना पोहता येत नाही, हे त्यांनी वाटेतच सांगितलं होतं. येत तर सुमित्राबाईंनाही नव्हतं.

"मी येतो," त्या म्हणाल्या. "काही बी असलं तरी मी येतो."

डोंग्यात बसल्यावर त्यांनी दोन्ही कडा पकडल्या आणि डोळे मिटले. मग मिटलेले डोळे जास्त दाखवू लागले, म्हणून उघडले. पाण्याखाली कुणाच्या शेताचा बांध दिसत होता. धानाचे शेंडे पाण्याबाहेर टोकं काढून होते. एका हापशीचा दांडा तेवढा वर राहिला होता आणि त्यावर किंगफिशर बसला होता, निळाभोर. सुमित्राबाईंनी तो पाहिला. पुढे मला सांगताना त्या म्हणाल्या, "मले माहीच लाज वाटली. माणूस कुठं आहे मालूम नाही आन् मी पाखरू पाहून राहिली." ईश्वर बांबू टेकवत होता. अर्ध्या वाटेवर बांबू पूर्ण आत गेला आणि तळ लागला नाही. त्याने तो वर ओढून पुन्हा टेकवला.

चिंचेखाली मधुकरराव बसले होते.

अंगात फक्त बनियन होतं. सदरा त्यांनी फांदीला बांधला होता, तोच पांढरा दिसला होता. कपडे छातीपर्यंत चिखलाने माखलेले. ओरडून ओरडून त्यांचा आवाज गेला होता. दगडावरची माती काढण्यात ते गुंतले होते, आणि मान वर केली तेव्हा वाट राहिली नव्हती. उतरून पाहिलं तर गाळात पाय रुतला, पाणी गळ्यापर्यंत आलं, फोन खिशात भिजला. ते कसेबसे झाडाशी परत आले. मग पुन्हा एकदा जाऊन पाहिलं आणि पुन्हा परत आले. त्यानंतर ते नुसते बसून राहिले, टेकाडाच्या कडेला काडी रोवून, ती बुडते का ते पाहत.

सुमित्राबाईंना वाटेत वाटलं होतं की जिवंत दिसले तर आपण रागावू. पण तोंडून निघालं, "काही खाल्लं का?"

त्यांनी मान हलवली. बायकोचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. त्यांचा हात बर्फासारखा होता. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "तू कशी आली? पाण्यातून आली?"

ईश्वर डोंग्यातलं पाणी उपसत होता, तेवढा वेळ थांबावं लागलं. तेव्हा सुमित्राबाईंनी दगड पाहिला. सात जणी, मांड्या घालून बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर लेकरू. जिचं तोंड गेलं होतं तिच्या लेकराने आईचा हात धरला होता. मातीत दबून होता म्हणून तो भाग नवा कोरल्यासारखा होता. सुमित्राबाईंनी मोकळ्या हाताने त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चाला. पाणी चढून राहिलं."

ईश्वरने आधी मधुकररावांना नेलं. टेकाडावर एकट्या थांबून त्यांनी ती रोवलेली काडी पाहिली, असं त्यांनी मला सांगितलं. काय वाटलं ते नाही सांगितलं. दिवस मावळायच्या आत सगळे या काठावर होते आणि लीलाबाईने चूल पेटवून चहा ठेवला होता.

मधुकररावांना ताप आला. तो आठवड्यात उतरला, पण माणूस काही पहिल्यासारखा झाला नाही. लुना दुरुस्त होऊन आली ती तशीच कव्हर घालून उभी राहिली. रविवार आला की ते ओट्यावर बसायचे. सुमित्राबाई भाजीला निघाल्या तरी विचारायचे, "किती वेळ लागन? कोणाले सोबत घेऊन जा." पाण्याचा नळ नुसता वाहत राहिला तरी उठून बंद करायचे.

"एका घरात दोघांनी धास्ती घेतली तं चूल कोण पेटवन?" सुमित्राबाई मला म्हणाल्या. त्यांची झोप गेली होती. नवरा बाहेर जातो याची काळजी त्यांना ओळखीची होती. तो जात नाही, याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. एका सकाळी यादोराव फाटकाशी आले. टेकाडाचं गाव आता पुरतं उठत होतं. लीलाबाई आणि गावातल्या बायांनी हट्ट धरला होता की सात बहिणींना पाण्यात सोडून जायचं नाही. ट्रॅक्टर ठरला होता. "काकांनी यावं म्हणतेत," यादोराव म्हणाले.

"मी नाही येत," मधुकरराव म्हणाले. "तुम्ही सांगा, दोराखाली गोणपाट घाला, कोरीव भागाले दोर लागू देऊ नका."

"ते तुम्हीच सांगा," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं आणि उभ्या राहिल्या. "मी तं जातो."

त्या ऑटोत जाऊन बसल्या. यादोरावांनी इंजिन चालू केलं, तरी काही वेळ गाडी हलवली नाही. मग मधुकरराव आले आणि त्यांच्याशेजारी बसले.

नाल्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. मधुकरराव तरी नाल्याच्या अलीकडे मोहाखालीच थांबले आणि तिथूनच ओरडून सांगत राहिले. सुमित्राबाई बायांबरोबर पलीकडे गेल्या. दगड ओंडक्यांवर घेताना त्यांनी स्वतः गोणपाट धरला. ट्रॅक्टर नाल्यातून यायला लागला तेव्हा त्या त्याच्या बाजूने चालत होत्या, एक हात दगडावर ठेवून, तो कलंडला तर आपण थांबवणार असल्यासारख्या.

नव्या गावठाणात झाडं नव्हती. सारख्या आकाराचे प्लॉट, पांढऱ्या रेघा, एक कोवळा कडुलिंब. त्याच्याशेजारी विटांचा ओटा बांधला होता. सात बहिणी तिथे बसल्या. लीलाबाईने हळदकुंकू लावलं, तोंड नसलेलीलाही. मधुकरराव जवळ आले, खाली वाकून दगडाला कुठे टवका गेला का ते पाहत राहिले.

सुमित्राबाई ओट्याच्या कडेला उभ्या होत्या. उतारावर खाली शेतं होती आणि त्यापलीकडे नदीची लांब, बारीक चमक.

"लीलाबाई, इथवरी तं नाही येणार ना पाणी?"

"नाही येत म्हणतेत, बाई. मोजून पाहिलं म्हणतेत."

"कोण म्हणते?"

लीलाबाईने कुंकवाचं बोट पदराला पुसलं. दोघी तिथेच उभ्या राहून खाली पाहत राहिल्या. ट्रॅक्टरवाला चहा कुठे मिळेल ते विचारत होता.